साताऱ्यातलं दुसरं सरकार

सप्टेंबर १९४२. 'चले जाव'ची हाक ऐकून सातारा जिल्ह्यातले शेतकरी तिरंगे घेऊन सरकारी कचेऱ्यांवर निघाले. ९ तारखेला वडूजला आणि १० तारखेला इस्लामपूरला पोलिसांनी गोळीबार केला. माणसं पडली. चळवळ तिथेच विझायची, पण पुढच्याच वर्षी त्या जिल्ह्यात चक्क एक सरकार उभं राहिलं!

क्रांतिसिंह नाना पाटलांचं हे प्रतिसरकार १९४६पर्यंत चाललं. इमारत नाही, छापील कायदे नाहीत, चालवणारे सगळे भूमिगत. मग कारभार व्हायचा कसा?

खरं बळ गावकऱ्यांच्या मान्यतेत होतं. लोकांनी तंटे इंग्रजांच्या कोर्टात न नेता न्यायदान मंडळांपुढे मांडायला सुरुवात केली. बांधाची भांडणं, सावकाराने गिळलेली जमीन यांचे निवाडे गावातच होऊ लागले. कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालणाऱ्या कुणब्याला हे केवढं नवल वाटलं असेल! गुंडांना, खबऱ्यांना शिक्षा मात्र कठोर असे. तळपायांवर काठ्या बसत.

भूगोलही मदतीला आला. कुंडल हे प्रतिसरकारचं मोठं केंद्र औंध संस्थानात होतं. आजूबाजूला ब्रिटिश मुलूख, मध्ये संस्थानी गावं. हद्द ओलांडली की पोलिसांचा पाठलाग अवघड होई. शिवाय औंधच्या राजांनी १९३९मध्येच प्रजेच्या हाती कारभार सोपवला होता. गावाने गाव चालवायचं, हे तिथल्या माणसांना ठाऊक होतं.

जी. डी. बापू लाड यांच्यासारख्या तरुणांनी प्रतिसरकारची तुफान सेना बांधली. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ रुळांवर दगड रचून त्यांनी रेल्वेच्या पगाराची गाडी अडवली आणि ती रक्कम चळवळीला मिळाली.

पण मला सगळ्यात थक्क करतात ती 'गांधी-लग्नं'. हुंडा नाही, मानपान नाही, मोजक्या खर्चात सोहळा. डोक्यावर पकड-वॉरंट असलेली माणसं मुलीच्या बापाच्या कर्जाची काळजी करत होती! इंग्रज कधी जाणार, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण इंग्रज गेला आणि सावकार, हुंडा, दारू तशीच राहिली, तर शेतकऱ्याच्या घरात स्वातंत्र्य पोचणार नाही, हे या माणसांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी १९४७ची वाट न पाहता कामाला हात घातला.