धोका कसा मोजतात?

विद्यार्थी मित्रांनो, २०२० सालचा सप्टेंबर महिना आठवतो का? महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली होती आणि आरोग्य पथके घरोघर फिरत होती. ताप पाहायचा, बोटाला छोटेसे यंत्र लावून रक्तातील प्राणवायू पाहायचा आणि मग विचारायचे, "घरात कोणाला मधुमेह आहे का? रक्तदाब? हृदयविकार?" तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा प्राथमिक शाळेत असतील. ताप विचारला ते समजले, पण आजोबांच्या साखरेचा करोनाशी काय संबंध, असा प्रश्न पडला असेल तर तो अगदी योग्य होता.

विषाणू सर्वांना एकच होता. तरी रुग्णालयात दाखल झालेल्या माणसांपैकी काही जण घरी परतत होते आणि काही परतत नव्हते. कोणाची प्रकृती बिघडणार हे दाखल होतानाच थोडेफार ओळखता आले, तर अपुऱ्या खाटा आणि अपुरा प्राणवायू कोणाकडे आधी वळवायचा ते ठरवता येते. त्या दिवसांत हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

त्याचे उत्तर शोधण्याचा सुरुवातीचा एक प्रयत्न साथ जेथे प्रथम आढळली त्या चीनमधील वूहान शहरातच झाला. तेथील जिनयिनतान रुग्णालय आणि फुप्फुसविकारांचे एक रुग्णालय यांच्या नोंदी डॉक्टरांनी तपासल्या. ३१ जानेवारी २०२० पर्यंत ज्यांचा निकाल लागला होता असे १९१ प्रौढ रुग्ण त्यांनी घेतले. त्यांपैकी १३७ बरे होऊन घरी गेले होते, ५४ दगावले होते. मार्च २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे घेऊन आपणच गणित करून पाहू. लेखणी आणि कागद जवळ घ्या.

उच्च रक्तदाबापासून सुरुवात करू. १९१ पैकी ५८ जणांना हा विकार होता. त्यांतले २६ दगावले, ३२ वाचले. म्हणजे 'दगावलेले भागिले वाचलेले' हे गुणोत्तर २६/३२, सुमारे ०.८१. उरलेल्या १३३ जणांना रक्तदाब नव्हता. त्यांतले २८ दगावले, १०५ वाचले; गुणोत्तर सुमारे ०.२७. आता पहिल्या गुणोत्तराला दुसऱ्याने भागा. उत्तर येते ३.०५. या उत्तराला 'ऑड्स रेशो' म्हणतात. आपण शक्यता-गुणोत्तर म्हणू. ते १ आले तर दोन्ही गटांत फरक नाही. १ पेक्षा जितके जास्त, तितका धोका अधिक.

येथे एक गफलत नेहमी होते. शक्यता-गुणोत्तर ३ आले म्हणजे मृत्यूची शक्यता तिप्पट झाली, असा अर्थ नाही. समजा एखाद्या गटात १०० पैकी ५० दगावतात; गुणोत्तर १. ते तिप्पट झाले तर ७५ दगावतील आणि २५ वाचतील. ५० चे ७५ झाले, १५० नव्हे! शंभरात दीडशे माणसे कशी दगावणार? वर्तमानपत्रात 'इतके पट धोका' असा मथळा दिसला की हा भेद आठवावा.

बरे, ३.०५ हे उत्तर आले. मग रक्तदाबाने माणसे दगावली असे म्हणायचे का? थांबा. तुमच्या शाळेतील पहिली ते सातवीच्या सर्व मुलांच्या चपलांचे नंबर लिहून घ्या आणि प्रत्येकाला किती पाढे येतात तेही लिहा. मोठ्या नंबरची चप्पल घालणाऱ्यांना पाढे जास्त येतात असे हमखास दिसेल. म्हणून मोठ्या चपला घेऊन दिल्या तर पाढे पाठ होतील काय? दोन्हींच्या मागे वय लपलेले आहे. वूहानच्या नोंदींतही तेच होते. दगावलेल्यांचे मध्यक वय ६९ वर्षे होते, वाचलेल्यांचे ५२. वय वाढते तसा रक्तदाब असण्याचा संभवही वाढतो. मग घात वयाने केला की रक्तदाबाने?

प्रयोगशाळेत आपण ही अडचण सहज सोडवतो. लंबकाचा आवर्तकाल कशावर अवलंबून असतो ते पाहताना लांबी तीच ठेवून वस्तुमान बदलतो, मग वस्तुमान तेच ठेवून लांबी बदलतो. रुग्णाचे वय मात्र 'तेच ठेवता' येत नाही. जो जसा आला तसा तो घ्यावा लागतो. म्हणून संख्याशास्त्रज्ञ हे काम समीकरणाकडून करून घेतात. अनेक घटक एकाच समीकरणात घालायचे आणि बाकीचे घटक समान असते तर या एकट्याचा वाटा किती राहिला असता, ते काढायचे. या पद्धतीला बहुचल विश्लेषण म्हणतात.

तिने काय होते ते हृदयविकाराच्या आकड्यांत चांगले दिसते. हृदयाच्या रोहिणींचा विकार असलेले १५ रुग्ण होते. १३ दगावले, २ वाचले. सरळ गणित केले तर शक्यता-गुणोत्तर येते २१.४०. केवढा मोठा आकडा! पण वय आणि इतर घटक समीकरणात घातल्यावर ते उरले २.१४, आणि त्याची अनिश्चिततेची मर्यादा निघाली ०.२६ ते १७.७९. या मर्यादेत १ हा आकडाही बसतो. म्हणजे या १५ जणांवरून हृदयविकाराविषयी होय किंवा नाही, काहीच छातीठोकपणे सांगता येत नाही. हृदयविकार निरुपद्रवी ठरला असेही नव्हे. प्रयोगात त्रुटी-मर्यादा लिहायचा तुम्हाला कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे, पण येथे त्या मर्यादेवाचून २.१४ या आकड्याला काही अर्थच नाही.

समीकरणातून तावून-सुलाखून बाहेर पडले ते तीन घटक. पहिला वय. प्रत्येक वाढत्या वर्षाला गुणोत्तर १.१० पट. हे चक्रवाढ व्याज आहे! दहा वर्षांत १.१० चा दहावा घात, म्हणजे सुमारे २.६ पट, वीस वर्षांत ६.७ पट. मात्र १.१० ची मर्यादा होती १.०३ ते १.१७. या दोन्ही आकड्यांचे विसावे घात काढा. एक येतो १.८, दुसरा २३! मुळातली थोडीशी अनिश्चितता घातांकाने कशी फुगते ते पाहा.

दुसरा घटक म्हणजे 'सोफा' नावाची गुणपद्धती. फुप्फुसे, रक्त गोठण्याची क्रिया, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंडे यांच्या बिघाडाला प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. येथे जास्त गुण मिळवणारा अधिक आजारी.

तिसरा घटक डी-डायमर. शरीरात रक्ताची गुठळी होते आणि ती विरघळू लागते, तेव्हा तिच्या तंतूंचे जे तुकडे रक्तात येतात त्यांतला हा एक. दाखल होताना त्याचे प्रमाण दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असलेल्यांचे गुणोत्तर, अर्ध्या मायक्रोग्रॅमपर्यंत असलेल्यांच्या मानाने, १८.४२ आले. पण डी-डायमर स्वतः कोणाला मारत नाही. तो धूर आहे. आग दुसरीकडे आहे. करोनात बारीक रक्तवाहिन्यांमध्ये गुठळ्या होतात, हे ओळखायला या धुराचा उपयोग झाला. 'धोक्याचा घटक' या एकाच नावाखाली वयासारखी न बदलणारी गोष्ट, डी-डायमरसारखी खूण आणि खरेखुरे कारण अशी सगळी सरमिसळ असते. शब्द सोयीचा असला तरी फसवा आहे, असे माझे मत.

आणखी एक सापळा. १९१ पैकी ५४ म्हणजे २८ टक्के. मग करोनाने शंभरातले २८ दगावतात काय? मुळीच नाही. त्या दोन रुग्णालयांत ८१३ प्रौढ दाखल होते. त्यांपैकी ६१३ जण अजून उपचार घेत होते किंवा त्यांचा संसर्ग प्रयोगशाळेत सिद्ध झालेला नव्हता, म्हणून वगळले गेले. आणखी ९ जणांच्या नोंदी अपुऱ्या होत्या. घरीच बरे झालेले तर मोजणीत आलेच नाहीत. परीक्षेत निम्म्या मुलांचे पेपर तपासायचे राहिले असताना वर्गाचा निकाल लावण्यासारखे ते होईल.

मोठी संख्या हाताशी आली की चित्र स्वच्छ होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये १ कोटी ७२ लाखांहून अधिक प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या गेल्या. हे लोक रुग्णालयातले नव्हते, सर्वसामान्य लोकसंख्येतले होते, तेव्हा ही तुलना जपूनच करायची. तेथेही वय सर्वांत वरचढ ठरले. पुरुषांचा धोका स्त्रियांच्या सुमारे १.६ पट निघाला. वय वगैरे जमेस धरल्यावर रक्तदाबाचा जादा धोका उरलाच नाही. मधुमेहाचा मात्र उरला. साखर आटोक्यात असलेल्यांना १.३१ पट, नसलेल्यांना १.९५ पट. आजोबांचे वय कमी करता येत नाही, पण या दोन आकड्यांमधल्या अंतराविषयी औषध आणि आहार यांना काही करता येण्याजोगे आहे. ते केल्याने धोका खरोखर तेवढा घटेलच, एवढे मात्र नुसत्या नोंदी सिद्ध करत नाहीत.

ते सिद्ध करायला प्रयोगच हवा. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडचा असा प्रयोग २०२० मध्ये ब्रिटनमध्ये झाला. कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवावर सोपवले होते. त्यामुळे वय, मधुमेह, सारे दोन्ही गटांत आपोआप सारखे वाटले गेले. औषध मिळालेले २१०४, न मिळालेले ४३२१. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतील २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना मात्र काहीच फायदा दिसला नाही, उलट १४.० च्या जागी १७.८ टक्के मृत्यू नोंदले गेले, जरी हा फरक योगायोगानेही पडू शकला असता. रुग्ण धोक्याच्या कोणत्या पायरीवर आहे यावर औषधाचे गुण-अवगुण ठरले. २०२१ च्या लाटेत भारतात, महाराष्ट्रातही, 'काळी बुरशी' म्हणजे म्युकरमायकोसिस फैलावला. त्याचे बरेचसे रुग्ण मधुमेही होते आणि अनेकांना स्टेरॉइड दिलेले होते.

हे सर्व आकडे लस येण्यापूर्वीच्या काळातले. त्यानंतर विषाणू बदलला, बहुतेकांच्या शरीरात प्रतिकारशक्ती आली. तेव्हा आजच्या रुग्णाला ते जसेच्या तसे लावू नका.

वूहानच्या नोंदींतले मधुमेहाचे गणित मुद्दाम तुमच्यासाठी ठेवले आहे. दगावलेल्या ५४ पैकी १७ मधुमेही होते, वाचलेल्या १३७ पैकी १९. शक्यता-गुणोत्तर काढा. उत्तर २.८५ यायला हवे. मग हे उत्तर वय जमेस न धरता काढलेले आहे, हे शेजारी कंसात लिहा.