डेटाबेसमधील आज्ञांची घटकपरीक्षा

ग्रंथालयातील पुस्तकांची दाखलनोंद व देवघेवीची वही आज पुष्कळ ठिकाणी संगणकात असते. माहितीच्या अशा व्यवस्थित साठ्यास डेटाबेस म्हणतात. तो परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडावा ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केली. १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी अशा कोष्टकांस प्रश्न विचारण्याची भाषा पुढे मांडली. तिचेच आजचे रूप एसक्यूएल होय.

समजा, एकदाही बाहेर न गेलेली पुस्तके ग्रंथपालास निवडावयाची आहेत. आज्ञा सोपी दिसते : ज्यांचे क्रमांक देवघेवीच्या कोष्टकात नाहीत, ती पुस्तके दाखव. ‘नॉट इन’ या शब्दांनी लिहिलेली ही आज्ञा वर्षभर बिनचूक चालते. मग एके दिवशी एका देवघेवीत पुस्तकाचा क्रमांक लिहावयाचा राहतो, आणि तेव्हापासून यादी रिकामी येऊ लागते. दोषाची सूचना कोठेच दिसत नाही. पाहणाऱ्यास वाटावे, वाचकांनी सारे ग्रंथालय वाचून काढले!

रिकाम्या राहिलेल्या जागेस या भाषेत ‘नल’ म्हणतात. त्याचे ‘शून्य’ असे भाषांतर करण्याचा मोह होतो, पण ते चूक आहे. शून्य ही निश्चित संख्या. नल म्हणजे ‘ठाऊक नाही’. १२ हा क्रमांक ७ हून वेगळा आहे काय? होय. ठाऊक नसलेल्या क्रमांकाहून वेगळा आहे काय? येथे ‘होय’ म्हणता येत नाही व ‘नाही’ही म्हणता येत नाही. आणि उत्तर निश्चित ‘होय’ असेल तेवढ्याच ओळी एसक्यूएल हाती देते.

लाखभर खऱ्या नोंदींत असा दोष सापडणे कठीण. कारण बरोबर उत्तर कोणते, हेच तेथे आधी कोणास ठाऊक नसते. म्हणून एकेका आज्ञेची लहानशा, पूर्ण परिचित साठ्यावर स्वतंत्र परीक्षा घेतात. हीच घटकपरीक्षा, म्हणजे युनिट टेस्ट. पुस्तके तीनच घ्यावी : ७, १२ आणि १५. देवघेवी दोन : एक ७ ची, दुसरी मुद्दाम बिनक्रमांकाची. बिनक्रमांकाची नोंद कोणत्याही पुस्तकाच्या खाती धरावयाची नाही असे ठरवून ‘१२ व १५’ हे अपेक्षित उत्तर आधीच लिहून ठेवावे. आलेले उत्तर पाहून मग अपेक्षा लिहिणे ही परीक्षा नव्हे. आज्ञा चालविताच रिकामी यादी येते व दोष उघडा पडतो. तीच आज्ञा ‘नॉट एक्झिस्ट्स’ने लिहिली की दोन्ही क्रमांक मिळतात.

परीक्षेच्या नोंदी मागे उरू नयेत यासाठी ती एका ‘ट्रॅन्झॅक्शन’मध्ये घेतात व शेवटी सर्व बदल रद्द करतात. पोस्टग्रेसवर पीजीटॅप व एसक्यूएल सर्व्हरवर टीएसक्यूएलटी ही साधने यासाठी वापरतात. तरीही खऱ्या वहीवर परीक्षा घेऊ नये. त्यासाठी वेगळी प्रत असावी. पोस्टग्रेसमध्ये आपोआप वाढणारे अनुक्रमांक तर बदल रद्द केल्यावरही मागे येत नाहीत. तेव्हा अपेक्षित उत्तर त्यांच्यावर अवलंबून ठेवू नये.