टॅब शंभर, ध्यानात एकही नाही

मोबाईलवर इंटरनेट पाहताना उघडलेले प्रत्येक पान म्हणजे एक टॅब. सुताचे भाव, जीएसटीचे दर, नव्या डिझाइनची चित्रे, सारे “नंतर वाचू” म्हणून आपण उघडे ठेवतो. अँड्रॉइड मोबाईलच्या क्रोममध्ये टॅब 99 च्या वर गेले की आकडा जाऊन हसऱ्या चेहऱ्याची खूण येते. कापड बाजारात असे हसरे मोबाईल आम्ही पुष्कळ पाहतो! गिऱ्हाईक समोर उभे असते तेव्हा मात्र नेमके पान सापडत नाही.

उघडा टॅब हे तारेत ओवलेले बिल होय. बिले ओवून खाते तयार होत नाही, रोजमेळ लिहून खतावणी करावी लागते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे, हे बांधवांना ठाऊक आहेच. लिहिण्याची ती सवय इथेही कामी येते. दुकान बंद करण्यापूर्वी दहा मिनिटे टॅब चाळावेत, कामाची गोष्ट तारखेसह आपल्या शब्दांत वहीत उतरवावी आणि टॅब बंद करावा. जे दोन ओळींत लिहिता येत नाही, ते बहुधा नीट वाचलेलेच नसते.

सुताचा आजचा भाव वहीत असला की पुरे, तो उद्या बदलेल. काही गोष्टी मात्र जिभेवरच हव्यात. 40 काउंटचे सूत म्हणजे 840 वारांच्या 40 लडींचे वजन 1 पौंड. 5315 ला काउंटने भागले की डेनियर निघतो, म्हणजे इथे सुमारे 133. उद्यम नोंदणी असलेल्या लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असला तरी 45 दिवसांत चुकते करावे लागतात. यंत्रमागवाल्या बांधवांनी हे तर मुखोद्गतच ठेवावे.

ते कसे? मदरशात हिफ्ज करणारा मुलगा रोज नवा सबक घेतो, पण उस्ताद त्याच्याकडून जुना पाठ, म्हणजे आमोख्ता, ऐकल्याशिवाय राहत नाहीत. पाठ केलेले किती झपाट्याने विसरते आणि पुन्हा घोकल्याने कसे टिकते, हे एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 साली स्वतःवरील प्रयोगांतून मांडले. पुढे लायटनर या लेखकाने चिठ्ठ्यांच्या खोक्याची पद्धत सांगितली. चिठ्ठीच्या एका बाजूस प्रश्न, दुसऱ्या बाजूस उत्तर. खोक्यात तीन खण करावेत: पहिला रोज पाहावा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा पंधरवड्याने. उत्तर बरोबर आले तर चिठ्ठी पुढच्या खणात, चुकले तर परत पहिल्यात. अँकी नावाचे अॅप हाच हिशेब आपोआप ठेवते. कॉम्प्युटरवर व अँड्रॉइडवर ते फुकट आहे. आमचे विचाराल तर शर्टाच्या घडीतला पुठ्ठा कापून केलेल्या चिठ्ठ्याच बऱ्या. त्यासाठी मोबाईल हातात घ्यावा लागत नाही, म्हणजे नवा टॅबही उघडत नाही.

दर बदलला की चिठ्ठीही बदलावी. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्याच्या नगावर 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के व त्यावर 18 टक्के जीएसटी आहे. 1,000 रुपयांपर्यंत 5 आणि पुढे 12 टक्के, अशी जुनी चिठ्ठी खोक्यात असेल तर ती आजच फाडून टाकावी.