दुधाचे दात आणि घरगुती उपाय

बेंगळुरूच्या जुन्या पेठेत, चिकपेठेच्या आसपास, काष्ठौषधींची दुकाने आहेत. कानडीत त्यांना 'ग्रंथिगे अंगडी' म्हणतात. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहराशी मराठी माणसाचा संबंध आहे. आपली गृहिणी तेथे वेखंड मागते, तिची शेजारीण त्यालाच 'बजे' म्हणते. दोघींचीही समजूत एकच असते, की दात येणाऱ्या बाळाला याने आराम पडेल. बाळगुटीत वेखंड उगाळतात, कोणी त्याच्या तुकड्यांच्या बांगड्या बाळाच्या हातात घालतात. पण वेखंडात असॅरोन नावाचे विषारी द्रव्य असते, म्हणूनच अमेरिकेत 1968 साली ते खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी झाली. शिवाय बांगडीतला तुकडा सुटला तर तो बाळाच्या घशात अडकू शकतो.

दात येणे हा रोग नव्हे. साधारण सहाव्या महिन्यात खालचे पुढचे दात दिसू लागतात. कोणाला चौथ्या महिन्यातच येतात, तर कोणाला वर्षापर्यंत वाट पाहावी लागते. अडीच-तीन वर्षांत विसाही दुधाचे दात येतात. सतराव्या शतकात लंडनच्या मृत्युनोंदींत मात्र 'दात' हे मृत्यूचे एक कारण म्हणून लिहिले जाई! खरी गोष्ट अशी, की याच सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते, मूल रांगू लागते, हाती येईल ते तोंडात घालते. तेव्हा हगवण लागली की दोष दातांवर येतो. ताप 38 अंश सेल्सियसच्या वर गेला, जुलाब झाले, मूल मलूल पडले, तर दातांचे निमित्त सांगत न बसता डॉक्टरांकडे जावे.

या समजुतीची किंमत मुलांनीच मोजली आहे. इंग्लंडमध्ये दातांसाठी विकल्या जाणाऱ्या पुडींत पाऱ्याचे कॅलोमेल असे. त्याने मुलांचे हातपाय गुलाबी होत, ती अखंड किरकिरत, अन्नावरची वासना उडे. 1954 साली तेथील उत्पादकांनी पारा वगळला आणि हा 'गुलाबी रोग' काही वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडेही मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाया, मूल निजून राहावे म्हणून अफूची बाळगोळी देत. आज हिरड्या बधिर करणारी मलमे मिळतात. त्यांतील बेंझोकेनने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते, म्हणून लहान मुलांसाठी ती वापरू नयेत, असे अमेरिकी औषध प्रशासनाने 2018 साली बजावले.

मग करावे काय? हात स्वच्छ धुऊन, नखे कापलेल्या बोटाने हिरडी हलकेच चोळावी. बाळाला त्या दाबाचेच सुख वाटते. स्वच्छ मलमलीचे फडके ओले करून थोडा वेळ शीतकपाटात ठेवावे व बाळाला आपल्या देखत चावू द्यावे. ते गोठवू मात्र नये, कारण बर्फाने हिरडी दुखावते. रबराचे भरीव कडे चालते, परंतु ते दोरीने गळ्यात अडकवू नये. खारीक किंवा गाजराचा तुकडा चघळायला देण्याची चाल मोडलेली बरी, कारण तो मोडून श्वासनलिकेत जाऊ शकतो. सहा महिन्यांवरच्या मुलाला नाचणीची पातळ, गार पेज रुचते. बेंगळुरूच्या घरात रागी हाताशी असतेच. वर्षाच्या आत मध मात्र चाटवू नये, गुटीतूनसुद्धा नाही.

लाळ फार गळते, म्हणून लाळेरे वरचेवर बदलावे आणि हनुवटी न घासता टिपून घ्यावी. रात्री मूल अंगावर पिण्यासाठी वारंवार उठले तर त्याला घ्यावे. पहिला दात वर आला की तो रोज मऊ, ओल्या फडक्याने पुसावा.