भीतीचं वजन

वाशीम जिल्ह्यात पैनगंगा, अरुणावती, अडाण अशा नद्या असल्या, तरी कोरडवाहू रानाला पाण्याचा आधार हवाच असतो. 2016 साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनं तो अनेकांना मिळाला. पण प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्याचा उतार ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथून सहज वर येऊ शकत नाही. म्हणून अशा ठिकाणी हातपाय मारण्यापेक्षा तरंगत राहणं मोलाचं, आणि तरंगणं बरंचसं मनाच्या स्वस्थतेवर अवलंबून असतं. ही नुसती धीर देण्याची भाषा नाही, त्यामागे आर्किमिडीजचा साधा हिशेब आहे. छातीभर श्वास घेतलेल्या 60 किलोच्या माणसाचं आकारमान साधारण 61 लिटर भरतं. म्हणजे पाणी त्याला जेमतेम किलोभर जास्तीचा आधार देतं. तेवढ्यात नाक-तोंड वर राहतं, अख्खं डोकं नाही. घाबरलेला माणूस दोन्ही हात वर करतो. एका हाताचं वजन अंदाजे 3 किलो. पाण्याबाहेर काढलेल्या दोन हातांनी 6 किलोंचा आधार गेला आणि डोकं खाली गेलं. त्यात तो ओरडतो, छातीतली दोन-तीन लिटर हवा निघून जाते आणि शरीर पाण्याहून जड होतं.

यावर कुणी म्हणेल, काटक माणसं तरंगतच नाहीत. त्यांचे पाय खाली जातात हे खरं, पण पाठीवर रेलून, कान पाण्यात ठेवून हात हळूहळू हलवले तरी तोंड वर राहतं. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: भीती काही ठरवून जात नाही. गार पाण्यात पडताच श्वास आपोआप अडखळतो. मात्र तो धक्का एक-दीड मिनिटात ओसरतो, आणि तेवढा वेळ उताणं पडून राहायचं, ही सवय जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली आधीच अंगी बाणवता येते. ब्रिटनमधली समुद्री बचाव संस्था लोकांना हेच सांगते. गावातल्या मुलांना पोहणं शिकवताना वेगाआधी हे शिकवायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. शिवाय प्रत्येक शेततळ्याच्या काठाला पक्का बांधलेला दोर आणि घट्ट झाकणाची रिकामी 20 लिटरची कॅन असावी. ती सुमारे 19 किलोंचा आधार देते, आणि माणसाचं डोकं असतं 5 किलोंच्या आसपास. काठावरच्यानं कॅन फेकावी, स्वतः उडी घेऊ नये. तोच उतार त्यालाही बाहेर येऊ देणार नाही.