लेन्स चिकटते ती विहिरीत, समुद्रात नव्हे

सुट्ट्या लागल्या की बीड, माजलगाव, अंबाजोगाईकडच्या गाड्या मालवण-तारकर्लीला निघतात. किल्ला, मासे आणि स्कूबा हा बेत ठरलेला. लेन्स लावणारी एखादी पोरगी सोबत असली की कुणीतरी काका सांगणारच: “काढून उतर बाई, खाली दाबानं ती बुबुळाला चिकटते, मग ऑपरेशनच.” ती लेन्स काढते, पैसे भरून समुद्रात उतरते आणि हिरवट धुकं बघून वर येते. ही लेन्स चिकटण्याची गोष्ट ऐकून आता कान किटले आहेत.

समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. हे खरं. पण दाबाने आकसते ती हवा. डोळा द्रवाने भरलेला आहे, सॉफ्ट लेन्स पाण्याने भिजलेली आहे आणि दोघांच्या मध्ये अश्रूंचा थर आहे. हवेची पोकळीच नाही आणि दाब सगळीकडून सारखा, मग लेन्सला बुबुळावर दाबणार कोण? शिवाय मास्कमध्ये डोळ्यांपुढे हवा असते. मास्क नीट बसला असेल तर पाणी लेन्सपर्यंत पोचतही नाही.

यावर प्रयोगही झालेला आहे. सायमन आणि ब्रॅडली यांनी १९८० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. सुमारे ४५ मीटर खोलीइतक्या दाबातून वर येताना जुन्या पद्धतीच्या कडक प्लास्टिक लेन्सखाली बुडबुडे धरले आणि नजर धूसर झाली. सॉफ्ट लेन्सखाली असं काही झालं नाही. म्हणजे त्रास झाला तो कडक लेन्सचा, तोही वर येताना, आणि पर्यटकाला कुणी नेणार नाही अशा खोलीवरून. पहिल्यांदा उतरणाऱ्यासाठी ‘पॅडी’ या संस्थेची कमाल मर्यादा १२ मीटर आहे. डायव्हरांना आजही सॉफ्ट लेन्सच सुचवतात.

मग चिकटण्याची गोष्ट निघाली कुठून? बहुधा गोड्या पाण्यातून. अश्रू किंचित खारट असतात. त्यांच्याहून कमी खारट पाणी डोळ्यात गेलं की सॉफ्ट लेन्स थोडा वेळ घट्ट बसते. आपल्याकडच्या विहिरीचं पाणी मचूळ असलं तरी अश्रूंइतकं खारट सहसा नसतं. अशी बसलेली लेन्स नखाने ओढायची नाही, ओढली तर बुबुळाची वरची त्वचा सोलते. लेन्ससाठीचे थेंब घालून थोडं थांबलं की ती आपोआप सुटते. खोलीशी याचा काही संबंध नाही, शेतातल्या विहिरीत कमरेएवढ्या पाण्यातही हे होतं.

आणि गंमत बघा, समुद्राच्या दाबाला घाबरणारी हीच मंडळी लेन्स लावून बिनधास्त विहिरीत सूर मारतात. खरा धोका तिथे आहे. अकँथअमिबा नावाचा सूक्ष्म जीव विहिरीत, तळ्यात, मातीत, नळाच्या पाण्यातसुद्धा असतो. लेन्स आणि बुबुळाच्या मध्ये तो अडकला तर होणारा संसर्ग महिनोन्‌महिने छळतो, नजरही जाऊ शकते. लेन्स नसली म्हणजे सुटलो, असंही नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेच्या डॉक्टरांनी २००० साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’त लेन्स न वापरणाऱ्या रुग्णांमधल्या याच आजारावर लिहिलं आहे. पण लेन्स असेल तर जोखीम वाढते, म्हणून अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन लेन्सला कुठलंच पाणी लागू देऊ नका म्हणतं. समुद्रही त्यात आला. म्हणून स्कूबाला एका दिवसाची, वापरून टाकायची लेन्स लावावी. मास्कमध्ये पाणी शिरलं तर डोळे मिटावेत आणि बाहेर आल्यावर हात धुऊन, कोरडे करून लेन्स काढून फेकावी. जादा जोडी आणि चष्मा बोटीवर ठेवावा, इन्स्ट्रक्टरला आधीच सांगावं.

बाकीचे समज किरकोळ आहेत. चष्म्यावर मास्क चढवता येतो म्हणे: नाही, दांड्यांच्या फटीतून पाणी शिरतं, नंबरच्या काचेचे मास्क मिळतात. पोहायचा गॉगल चालतो: मुळीच नाही, त्यात नाक बाहेर राहतं. खोल जाताना मास्कमधली हवा आकसते, ती नाकातून थोडी हवा सोडून भरून काढावी लागते, नाहीतर डोळे रक्ताळतात. पाण्याखाली सगळं मोठं दिसतं, त्यामुळे लेन्स नको: वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या दिसतात खऱ्या, पण तेवढ्याने फार तर किरकोळ नंबरवाल्याचं भागेल. लेसिक झाल्यावर कधीच उतरायचं नाही: साधारण महिनाभर थांबून, आपल्या डॉक्टरांची परवानगी घेऊन उतरता येतं.

काकांची दाबाची भीती एका ठिकाणी मात्र शंभर टक्के खरी आहे. पडदा सरकल्यावरच्या शस्त्रक्रियेत कधीकधी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तिथे डोळ्याच्या आतच आकसणारी, फुगणारी हवा असते. तो वायू पूर्ण विरेपर्यंत स्कूबा बंद, आणि विमानातही बसायचं नाही.