जुन्या जीपगाडीची रेस का चढते-उतरते?

मंडळी, वाशीम-रिसोडच्या रस्त्यावर किंवा कारंजा-मानोऱ्याकडे जुनी डिझेल जीपगाडी अजूनही भेटते. महिंद्र कंपनीने 1947 साली विलीज जीप जुळवायला घेतली. त्याच घराण्यातल्या डिझेल गाड्या पुढे खेडोपाडी पोचल्या. टाटांची सुमो 1994 साली आली, तिचे उत्पादन 2019 साली थांबले. रात्री-अपरात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे, तर पुष्कळ गावांत हीच गाडी कामास येते. म्हणून तिचे दुखणे ओळखता आले पाहिजे.

दुखणे असे : गाडी उभी आहे, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तरी इंजिनाची गती झोक्यासारखी चढते नि उतरते. कोणीतरी सांगतो, "पंप गेला!" पंप उतरवून दुरुस्तीला पाठवणे म्हणजे मोठा खर्च, आणि तोवर गाडी दारात. जरा थांबा. आधी डिझेलमध्ये हवा शिरते का, हे पाहा.

गती राखण्याचे काम पंपातला गव्हर्नर करतो. गती उतरली की तो डिझेल वाढवतो, चढली की कमी करतो. डिझेलबरोबर हवेचे बुडबुडे आले, तर नोझलला पुरते डिझेल मिळत नाही आणि गती पडते. गव्हर्नर डिझेल वाढवतो. तेवढ्यात बुडबुडा निघून गेलेला असतो, म्हणून गती एकदम चढते. मग तो पुन्हा हात आखडतो. बिचाऱ्याचा दोष काहीच नसतो!

"पण नळीतून थेंबही गळत नाही," असे तुम्ही म्हणाल. इथेच फसगत होते. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते. त्या नळीला चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. विहिरीवरच्या मोटारपंपाच्या सक्शन पाइपाने हवा धरली की तो पाणी सोडतो, तसेच हे. गुरुजींनी सरबताच्या नळीला टाचणीने भोक पाडून मुलांना प्यायला द्यावे. चार घोटांत त्यांना उमजेल.

परीक्षा सोपी आहे. इंजिन गार असताना, विडी-काडी दूर ठेवून, स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनाहून उंच ठेवा आणि चांगल्या नळीने थेट फीड पंपाला जोडा. गती स्थिर झाली, तर खोट टाकी ते पंप या वाटेत आहे : रबरी नळी, क्लिप, नाहीतर सांध्याचे तांब्याचे वायसर. शेतीच्या ड्रममधले डिझेल गाडीत ओतण्याची सवय असेल, तर फिल्टरातला गाळ आणि पाणीही पाहा. पावसाळ्यात तर हटकून.

काही जुन्या जीपच्या गव्हर्नरला इंजिनाकडून हवेची ओढ देणारी नळी असते. ती चिरली किंवा आतला पडदा फाटला, तर गती बेफाम वाढू शकते. हे काम मिस्त्रीकडेच द्यावे. एकाच नोझलची खोट असेल, तर इंजिन झोके घेत नाही, एका ठेक्यात हादरते.

नळी बदलल्यावर फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा. हातपंपाचा दट्ट्या मारत राहा. फेस थांबून नितळ डिझेल आले की स्क्रू आवळा. नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांना मात्र चालू इंजिनात हात लावू नका, तिथला दाब कातडी भेदून आत शिरतो. अलीकडच्या कॉमन रेल गाड्यांवर यांतला कोणताच प्रयोग घरी करायचा नाही.